तीन चादरींची परीक्षा

हॉस्पिटलच्या लाँड्रीत बाईंनी चौतीस वर्षं काढली, आणि त्या चौतीस वर्षांत एकही ओलसर चादर त्यांच्या नाकासमोरून वॉर्डात जाऊ शकली नाही. धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन गठ्ठा समोर आला की बाई वरच्या चादरीकडे बघतही नसत. मधलीच एखादी ओढायची, तिची घडी पोटात उघडायची आणि आत नाक खुपसायचं. वरची चादर कोणीही नीट वाळवतो, खोट असते ती पोटात, असं त्यांचं म्हणणं. वास आला तर अख्खा गठ्ठा परत. एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी फार घाई केली, तेव्हा बाईंनी तसलीच एक ओलसर चादर त्यांच्याच तोंडापुढे धरली होती. डॉक्टर पुन्हा लाँड्रीकडे फिरकले नाहीत.

नवा माणूस कामाला आला की त्याची परीक्षा व्हायची. डोळे मिटायचे, समोर तीन चादरी. त्यातली एक अर्धी ओली असतानाच घडी करून दिवसभर दाबून ठेवलेली. ती ओळखली तो घड्यांच्या टेबलावर, नाही ओळखली तो बॉयलरकडे. पाठीमागे सगळे बाईंना 'नाक' म्हणत. "नाक आलं," असं कोणी हळूच म्हटलं की गप्पा बंद आणि हात सुरू. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्यांचे यजमान बसडेपोत फोरमन. इंजिनापेक्षा बसच्या टपानं त्यांना जास्त छळलं होतं. पाऊस आला की टप गळतो, सीट भिजते, प्रवासी तक्रारवही मागतात आणि साहेब फोरमनला बोलावतात. अशी तीस वर्षं गेल्यावर भोक दिसलं की त्यांचा हात आपोआप सीलंटच्या नळीकडे जाऊ लागला. घरातली मुंग्यांची भोकं त्यांनी बुजवली, बाथरूमच्या खिडकीची फट बुजवली. बाईंनी डोळे वटारले नसते तर स्वयंपाकघरातली हवेची जाळीही गेली असती.

निवृत्त झाल्यावर कोणी बाग लावतो, कोणी कोडी सोडवत बसतो. फोरमननी एक जुनी कॅराव्हॅन घेतली. बिछाना, शेगडी, बेसिन, संडास, सगळं एकाच गाडीच्या पोटात. ते तिला कौतुकानं 'गाडी' म्हणत, बाई 'डबा' म्हणत. इथवर ठीक होतं. पण एके दिवशी जेवताना फोरमननी सांगितलं की घर विकू आणि गाडीतच राहू. समुद्राकाठी आज इथे, उद्या तिथे. घराला गिऱ्हाईकही त्यांनी बघून ठेवलं होतं. बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. घर दोघांच्या नावावर होतं, म्हणजे बाईंच्या सहीशिवाय वीटही हलणार नव्हती. महिनाभर घरात धुसफूस चालली. शेवटी लेकीनं फोनवरून तोड काढली: पंधरा दिवस गाडीत राहून बघा, मग आई काय म्हणेल ते शेवटचं. फोरमननी कबूल केलं की बाई नाही म्हणाल्या तर पुन्हा तोंड उघडणार नाही. बाईंनीही कबूल केलं, कारण आपण नाहीच म्हणणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त कारणं गोळा करायची होती.

निघायच्या सकाळी दोरीवरची मोठी चादर अजून हाताला गार लागत होती. खाली फोरमन हॉर्नवर हॉर्न देत होते. बाईंनी ती तशीच घडी करून कपाटात कोंबली आणि दाराला कुलूप लावलं.

समुद्राकाठच्या त्या तळावर भर उन्हाळ्यात जागा सहज मिळाली, कारण शहाणी माणसं त्या दिवसांत तिकडे जात नाहीत. वाळूत आखलेले चौकोन, प्रत्येक चौकोनाला नंबराचा खांब, विजेचा एक बोर्ड आणि एक नळ. नळाचं पाणी कोमट, त्याला गंजाची चव. पन्नास पावलांवर समुद्र होता, पण वारा तिकडेच कुठेतरी अडकल्यासारखा. घाम यायचा तो वाळायचाच नाही. अंगावरचा घाम उशीत जायचा आणि सकाळी उशीतून परत गालाला लागायचा. मिठाचं दोन दिवसांत पाणी झालं. काड्यापेटीतल्या काड्या ओढल्या की पेटायच्या जागी गुलाचा चुरा होऊ लागला. पाव आदल्या दिवशी आणावा तर दुसऱ्या दिवशी त्याला हिरवी दाढी. चौथ्या दिवशी बाईंनी पलंगाखालून चपला काढल्या, तर त्यांच्यावरही तसलीच मऊ हिरवी लव. त्या चपला बाईंनी काठीनं उचलून बाहेर टाकल्या आणि मग बराच वेळ हात धूत बसल्या.

सार्वजनिक न्हाणीघराचं तर नाव नको. जाळीवर कोणाच्या तरी केसांचा पुंजका कायमचा मुक्कामाला होता, आणि पाणी पायाशी तुंबून त्यावर साबणाची साय धरायची. बाई चवड्यांवर उभ्या राहून आंघोळ करत. रक्तापुवानं भरलेल्या चादरी ज्यांनी उभ्या आयुष्यात निर्विकारपणे टाकीत सोडल्या, त्यांना एका पुंजक्यानं मळमळू लागलं. लाँड्रीतली घाण कामाची होती, धुतली की संपत होती. ही संपतच नव्हती.

आणि डब्यातला वास. तो तिसऱ्या दिवसापासून आला. आधी नुसता आंबूस, मग उग्र, मग दुपारी ऊन चढलं की घशापर्यंत जाणारा. बाईंनी बेसिन घासलं, संडास घासला, गादी उन्हात टाकली, पडदे काढून उकळत्या पाण्यात धुतले. वास तसाच. फोरमनना विचारलं, तर त्यांनी मान वर करून हवा हुंगली आणि शांतपणे सांगितलं की समुद्राची हवा आहे, दुसरं काही नाही. बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा जरा वैतागून म्हणाले, "अगं, चौतीस वर्षं घाण हुंगलीस. आता नाकाला सवय लागलीय. नसलेला वास येतो तुला."

हे बोलणं बाईंना कुठे लागलं हे फोरमनना कळलं नाही. त्यांच्या लाँड्रीत एक म्हातारी होती, तिला शेवटी शेवटी सगळ्याच चादरींना जळका वास येऊ लागला होता. तिला घरी बसवणाऱ्या बाईच होत्या. आपलंही तसंच झालं की काय, ही भीती बाईंच्या मनात घर करून बसली. त्या आता प्रत्येक वस्तू दोनदा हुंगू लागल्या: एकदा वासासाठी आणि एकदा स्वतःच्या तपासणीसाठी. साबण साबणासारखा येत होता, कांदा कांद्यासारखा. मग डब्यातला तेवढाच वास खोटा कसा? शेजारच्या गाडीतलं जोडपं एका सकाळी उठून तीन चौकोन पलीकडे गेलं. फोरमन म्हणाले, सावलीसाठी गेले असतील. तिकडे सावली नव्हती.

आठवड्यातून दोनदा संडासाची टाकी रिकामी करायला लागे. तळाच्या कोपऱ्यात एक खड्डा होता, तिथे गाडी न्यायची, खालून जाड पाइप जोडायचा आणि खटका ओढायचा. बाकीची माणसं तोंडाला फडकं बांधून, मान दुसरीकडे वळवून हे काम उरकत. तळाचा राखणदार, ज्याला कमरेच्या जुडग्यामुळे सगळे 'चावीवाला' म्हणत, तोसुद्धा तेव्हा लांबून हातवारे करत सूचना देई. फोरमन मात्र उघड्या तोंडानं, शीळ घालत, पाइपाच्या तोंडाशी वाकून बघत. बाईंना ते बघून शिसारी येई. पण मनात कुठेतरी कौतुकही वाटे, की नको ते काम हा माणूस कुरकुर न करता करतो.

नवव्या दिवशी फोरमन सकाळीच धक्क्यावर गेले आणि अकराच्या उन्हात दोन मैल चालत एक मासा घेऊन आले. हातात नुसता कागद, कागदातून पाणी ठिबकतंय, मागे माश्यांची वरात. त्यांनी मासा टेबलावर ठेवला, कागद उघडला आणि अभिमानानं मागे सरकून उभे राहिले.

"बघ, फडफडीत ताजा. वास बघ नुसता, समुद्राचा."

बाईंनी बघितलं. डोळे आत गेलेले, पांढरे. कल्ल्यांचा रंग जुन्या डागासारखा तपकिरी. पोट बोटानं दाबलं तर खळगा पडला तो तसाच राहिला. आणि वास असा की बाईंनी पहिला श्वास घेतला तो परत सोडण्यासाठी त्यांना दारापर्यंत पळावं लागलं. पायरीवर बसून त्यांना कोरडे उमासे आले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मागे फोरमन सुरी शोधत होते आणि शीळ घालत होते.

तिथेच, पायरीवर, बाईंच्या लक्षात आलं. हा मासा हातात धरून दोन मैल कोणी चालू शकत नाही. नाक असलेला माणूस तर नाहीच.

त्या आत आल्या. म्हणाल्या, मासा आत्ता नको, संध्याकाळी बघू. फोरमन आंघोळीला गेले तेव्हा त्यांनी कपाटातून तीन चादरी काढल्या. दोन सकाळच्याच कडक उन्हात वाळलेल्या, स्वच्छ. तिसरीत त्यांनी तो मासा गुंडाळला, मनातल्या मनात त्या चादरीची माफी मागितली आणि दुपारपर्यंत पलंगाखाली ठेवून दिली. चौतीस वर्षांत त्यांनी एका चादरीचे असे हाल कधी केले नव्हते.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी सहज आठवण काढल्यासारखं केलं. "लाँड्रीतली परीक्षा ठाऊक आहे ना तुम्हाला? कधी दिली नाहीत. बसा आता, डोळे मिटा."

फोरमन हसले आणि बसले. बाईंनी मासा केव्हाच लांब नेऊन पुरला होता, पण चादर होती तशीच घडी करून आणली. पहिली चादर त्यांच्या नाकाशी धरली. फोरमननी दीर्घ श्वास घेतला. दुसरी धरली. पुन्हा दीर्घ श्वास, मान किंचित तिरकी, अगदी जाणकार. तिसरी धरली तेव्हा बाईंचा स्वतःचा चेहरा पिळवटला होता आणि त्यांनी श्वास रोखून धरला होता. चादरीबरोबर दोन माश्याही आल्या आणि त्यातली एक फोरमनच्या भुवईवर बसली. फोरमननी छाती भरून तो वास आत घेतला, थोडा वेळ विचार केला.

"पहिली," ते म्हणाले. "पहिलीला जरा कुबट येतोय."

बाईंनी चादर बाहेर नेऊन टाकली. परत येऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, "डोळे उघडा. कधीपासून येत नाही?"

फोरमननी आधी काय, कुठे, कसलं, असं करून पाहिलं. मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. सांगितलं की दोन वर्षं झाली. तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास आला नाही. डॉक्टरलाही गुपचूप दाखवून आले होते. त्यानं सांगितलं, येईल तर येईल.

बाईंना आधी राग आला. कीव नाही, दया नाही, सरळ राग. दोन वर्षं हा माणूस रोज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून "काय वास सुटलाय" म्हणत होता. बाई खुलत होत्या, लेकीला फोनवर सांगत होत्या की बाबांना आताशा माझ्या हातचं फार आवडतं. सगळं खोटं. वर त्यांच्या नाकाला भ्रम झालाय म्हणून सांगितलं. त्या म्हाताऱ्या बाईच्या आठवणीनं त्यांनी सहा दिवस स्वतःला पोखरून काढलं होतं, आणि इथे समोरच्याचंच दुकान बंद.

"माझ्या नाकावर कशाला ढकललंत?" त्यांनी विचारलं.

फोरमन टेबलावरचा ओलावा बोटानं पुसत राहिले. टेबल पुन्हा ओलं होत होतं. "तुझं अख्खं आयुष्य त्या नाकावर गेलं," ते म्हणाले. "तुला काय सांगू, की माझं गेलं म्हणून? आणि ते घर. तिथे प्रत्येक कोपऱ्याला वास होता. आई गेली तरी तिच्या खोलीत तिच्या तेलाचा होता. तो उडून गेला की माझंच नाक गेलं, ते मला अजून कळलेलं नाही. त्या घरात मी रोज कशाच्या तरी समोर उभा राहतो आणि तिथे काहीच नसतं. इथे निदान आधीचं काही आठवत नाही."

इतकं सलग फोरमन लग्नातही बोलले नव्हते. बाईंचा रागही जाईना आणि डोळेही कोरडे राहीनात, आणि त्यात वर तो वास. बोलायला तोंड उघडलं की तोच घशात. शेवटी त्या उठल्या.

"आधी हा वास कुठून येतो ते बघू. मी सांगते, तुम्ही डोकं चालवा."

मग डब्यात काम सुरू झालं. बाई बेसिनच्या भोकाशी वाकल्या: इथे येतोय. संडासाशी वाकल्या: इथे जास्त. पाणी सोडलं की भसकन येतो, जसं खालून कोणी फुंकर मारतंय. फोरमन ऐकत होते, डेपोत ड्रायव्हर इंजिनाचा आवाज तोंडानं काढून दाखवी तेव्हा ऐकत तसे. फुंकर म्हटल्यावर त्यांची मान वर झाली. टाकीत वायू होणार, तो कुठून तरी बाहेर जायला हवा, खालून नाही तर वरून. वरून. त्यांनी छताकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. निघायच्या आधी टपावरची सगळी भोकं त्यांनी सीलंटनं बुजवली होती. त्यात एक बोटभर नळी होती, बिनकामाची वाटली. गळेल म्हणून तिच्या तोंडात त्यांनी दोन नळ्या सीलंट ओतलं होतं.

प्रवाशांच्या तीस वर्षांच्या तक्रारींनी मिळून हा डबा घाणीनं भरला होता. बाईंना हसू आलं, पण त्यासाठी तोंड उघडायची सोय नव्हती.

फोरमन शिडी लावून वर चढले. तापलेल्या पत्र्यावर गुडघ्याखाली गोणपाट घेऊन ते सुरीनं सीलंट कोरू लागले. चावीवाला खाली येऊन बघत उभा राहिला. बाई नाकाला रुमाल न लावता उभ्या होत्या, कारण आता नाकाचं काम होतं. बऱ्याच वेळानं सीलंटचा गोळा बुचासारखा निघाला. चावीवाला नाक दाबून आपल्या खोलीकडे चालू लागला.

"आला?" वरून फोरमननी विचारलं. त्यांचं तोंड नळीच्या अगदी वर होतं.

"आला," बाई म्हणाल्या.

"कसा आहे?"

"घाण आहे. कसा असणार?"

"तसं नाही. नीट सांग."

बाईंनी वर बघितलं. घामानं थबथबलेला, टपावर ओणवा झालेला माणूस रेडिओपाशी बसावं तसा कान देऊन होता. मग त्यांनी खरंच नीट सांगितलं. आधी सडलेल्या अंड्याचा, ते नाकाच्या शेंड्याला. त्याच्या मागून जुन्या मोरीचा, काळ्या शेवाळाचा. आणि तळाशी एक गोडसर, तो सगळ्यांत वाईट, अळ्या पडलेल्या फळाचा असतो तसा, घशात जाऊन बसतो आणि थुंकलं तरी जात नाही. बोलता बोलता त्यांना दोनदा थांबून श्वास गिळावा लागला. फोरमन ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला समाधानच म्हणावं लागेल.

संध्याकाळपर्यंत डबा बराच निवळला. उरला तो बुरशीचा आणि घामाचा कुबटपणा. तेव्हा बाईंनी पंधरा दिवसांची वाट न बघता उत्तर दिलं. मी सही करणार नाही, म्हणाल्या. मला दोरीवर वारा हवा आणि चपला चपलांसारख्या दिसायला हव्यात. त्या घरात कुठे काय वास येतो ते मी रोज सांगेन, चांगला असेल तर चांगला, घाण असेल तर घाण. तुम्ही फक्त खोटं बोलायचं नाही.

"आणि तू?" फोरमननी विचारलं.

"मी चादरींच्या बाबतीत कधी खोटं बोललेय?"

दुसऱ्या दिवशी ते निघाले. वाटेत फोरमन गाडी चालवता चालवता मध्येच "आता?" असं विचारत आणि बाई सांगत: गटार, डांबर, कोणाचा तरी करपलेला तवा.

घराशी पोचले तेव्हा दुपार टळली होती. बाईंनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकल्या. कोंडलेल्या घरातून एक कुबट झोत त्यांच्या अंगावर आला. कुठला ते कळायला त्यांना अर्धा क्षणही लागला नाही. अर्धी ओली चादर, घडी करून, दहा दिवस बंद कपाटात. त्यांच्या स्वतःच्या हातची. लाँड्रीत अशा माणसाला त्यांनी बॉयलरकडे पाठवलं असतं.

मागे फोरमन दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते.

"कसा येतोय घराचा?"

आईच्या खोलीचं दार इथून दिसत होतं. तेलाचा वास येतोय असं सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? बाईंच्या ओठांवर ते आलंही होतं.

"कुबट," त्या म्हणाल्या. "निघताना ओली चादर घडी करून ठेवली मी. सगळं कपाट कुजलंय."

फोरमननी डोळे उघडले नाहीत. "तू?" त्यांनी विचारलं.

"मी."

ते हसले. मग पिशव्या खाली ठेवून म्हणाले, "बरं, आत चल. आणखी काय काय येतंय ते सांग."

बाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि आईच्या खोलीपासून सुरुवात केली.